पदवीदान समारंभाची वंशावळ : एक परीक्षण

एखाद्या घराण्याची वंशावळ समोर आली म्हणजे संशोधकानें तिला प्रथम नमस्कार करावा आणि मग भिंग हातीं घ्यावें, अशी आपल्या शास्त्राची रीत आहे. मूळपुरुष जितका प्राचीन व थोर सांगितलेला असेल, तितकी मधल्या पिढ्यांची चौकशी अधिक कसोशीनें करावी लागते. वतनाच्या तंट्यांत पुढें आलेले करीणे व महजर ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस हें नव्यानें सांगावयास नको. कागद कोणत्या काळचा, शिक्का कोणाचा, भाषा त्या काळाची आहे कीं नाहीं, आणि त्या कागदानें कोणास काय मिळावयाचें होतें, हे प्रश्न विचारल्यावांचून आपण कोणतीच सनद अस्सल म्हणून दप्तरीं दाखल करीत नाहीं.

हीच कसोटी आज चालू असलेल्या एका संस्काराच्या वंशावळीस लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. तो संस्कार म्हणजे आपल्या विद्यापीठांचा व महाविद्यालयांचा पदवीदान समारंभ. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर उपनिषदांतील वचन छापलेलें असतें. व्यासपीठावरून असें सांगण्यांत येतें कीं, हा समारंभ म्हणजे गृह्यसूत्रांतील समावर्तनच होय. मध्यंतरीं त्यावर परकी पोशाख चढला, इतकेंच. हें म्हणणें इतक्या वेळां व इतक्या थोर मुखांनीं उच्चारलें गेलें आहे कीं, त्यास पुरावा मागणें उद्धटपणाचें वाटावें. तथापि पुरावा मागणें हेंच आपलें काम असल्यामुळें तें केलें पाहिजे. सोयीसाठीं शब्द, विधि, अधिकार आणि द्रव्य असे चार भाग करून विचार करूं.

(१) शब्द. मराठींत या समारंभास ‘पदवीदान’ व अलीकडे ‘दीक्षान्त’ अशीं दोन नांवें आहेत. पैकीं ‘पदवी’ या शब्दांत पद म्हणजे पाऊल आहे आणि लॅटिन ‘ग्राडुस’ या शब्दाचा अर्थही पाऊल किंवा पायरी असाच आहे. भाषांतर म्हणून ही जोडणी सुरेख आहे. पण तें भाषांतरच आहे, वारसा नव्हे. ‘दीक्षान्त’ या शब्दाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. हा शब्द संस्कृतांत जुना आहे यांत शंका नाहीं. अमरकोशांतच तो सांपडतो. परंतु तेथें तो ‘अवभृथ’ या शब्दाचा पर्याय म्हणून दिला आहे. अवभृथ म्हणजे यज्ञाची समाप्ति दर्शविणारें स्नान. दीक्षा घेतली ती यजमानानें, तिचा अंत झाला तोही यजमानाचा. विद्यार्थ्याचा त्या शब्दाशीं संबंध नव्हता. म्हणजे नाणें जुनें आहे, पण त्यावरील किंमत नवी कोरलेली आहे.

‘कॉन्व्होकेशन’ हें इंग्रजी नांव घेतलें तरी तोच अनुभव येतो. तो शब्द मुळांत समारंभाचा वाचक नाहीं. बोलावून जमविलेली सभा, असा त्याचा अर्थ. ऑक्सफर्ड येथें तो विद्यापीठाच्या सभासदांच्या सभेस लावीत. लंडन विद्यापीठाच्या पदवीधरांस १८५८ सालीं अशीच सभा सनदेनें मिळाली. आपल्याकडे १८५७ च्या कायद्यांनीं सिनेट दिलें, त्यांत कुलपति, कुलगुरु व फेलो बसविले. पदवीधरांची स्वतंत्र सभा मात्र दिली नाहीं. नोंदलेल्या पदवीधरांस कांहीं फेलो निवडण्याचा हक्क कायद्यानें मिळाला तो १९०४ सालीं. तेव्हां सभेचें नांव आलें, सभा आली नाहीं, आणि रिकामें राहिलेलें नांव समारंभास चिकटलें. शब्दांच्या इतिहासांत असे अपघात पुष्कळ होतात. परंतु या अपघातामागें राज्यकर्त्यांचा हिशेब होता हें विसरतां येत नाहीं.

‘कुलपति’ या शब्दाचीही नोंद येथेंच करावी. जो विप्रर्षि दहा हजार मुनींस अन्नदानादिकांनीं पोसून शिकवितो तो कुलपति, अशी व्याख्या जुन्या टीकाकारांनीं दिलेली आहे. आज महाराष्ट्रांतील सरकारी विद्यापीठांचे कुलपति राज्यपाल असतात. त्यांच्याकडून पोसण्याची वा शिकविण्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं.

(२) विधि. समावर्तनाचें वर्णन आश्वलायन, पारस्कर, आपस्तंब इत्यादि गृह्यसूत्रांतून आहे व तें पुरेसें तपशीलवार आहे. विद्यार्थी गुरूची अनुज्ञा घेतो, दक्षिणा अर्पण करितो. मेखला उतरवितो. पारस्कराप्रमाणें आठ कुंभांतील उदकानें स्नान करितो. नंतर नवें वस्त्र, माला, कुंडलें, अंजन, आरसा, छत्र, उपानह व वेणूचा दंड यांचा स्वीकार होतो. ब्रह्मचर्यांत जें जें वर्ज्य होतें तें तें एकेक करून परत दिलें जातें. हा विधीचा गाभा आहे. स्नान हें त्याचें मर्म, म्हणून त्यास ‘स्नातक’ म्हणावयाचें.

या विधींत परीक्षा नाहीं, संस्था नाहीं, लेखी प्रमाणपत्र नाहीं, वर्ग अथवा क्रमांक नाहीं. इतकेंच नव्हे, तर पारस्करानें स्नातकांचे तीन प्रकार सांगितले आहेत : विद्यास्नातक, व्रतस्नातक आणि विद्याव्रतस्नातक. यांपैकीं व्रतस्नातक म्हणजे ज्याचें व्रत पुरें झालें, पण वेद पुरा झाला नाहीं तो. त्यासही घरीं जाण्याची मोकळीक होती. आपल्या विद्यापीठांत असा स्नातक कोणत्या कोष्टकांत बसवावा?

आतां दुसऱ्या बाजूचा विधि पाहूं. बोलोन्या येथें मध्ययुगांत उमेदवाराची परीक्षा होई. १२१९ सालीं पोप होनोरिउस यानें तेथील आर्चडीकनच्या संमतीवांचून शिकविण्याचा परवाना देऊं नये असें ठरविलें. परीक्षेनंतर जाहीर समारंभांत उमेदवारास आसनावर बसवीत. मिटलेलें व उघडलेलें पुस्तक, अंगठी आणि टोपी देत. अध्यापकांच्या मंडळांत त्याचा प्रवेश झाला, हा त्या समारंभाचा अर्थ. पदवी म्हणजे शिकविण्याचा परवाना होता. अमेरिकेंत याच समारंभास ‘आरंभ’ या अर्थाचें नांव आहे तें यामुळेंच. शिक्षण संपलें म्हणून नव्हे, अध्यापन सुरू झालें म्हणून. झगा व मागील बाजूस लोंबणारी टोपडी हा पोशाखही त्याच काळच्या पाद्री विद्यार्थ्यांचा आहे. परीक्षा, मंडळांत प्रवेश, विशिष्ट पोशाख व जाहीर उच्चार या चार खुणा आपल्या समारंभांत जशाच्या तशा आहेत. स्नानाची खूण मात्र कोठेंही नाहीं.

एक अंतर्गत पुरावा तर निर्णायक आहे. आपल्या विद्यापीठांतून पदवी गैरहजेरींतही मिळते. त्याची स्वतंत्र फी असते. ज्या संस्काराचें मर्म स्नान आहे, तो गैरहजेरींत कसा होणार? दुसऱ्या गांवीं असलेल्या मुलाची मुंज जशी पत्रानें लागत नाहीं, तसेंच हें आहे. जो विधि टपालानें पार पडतो तो संस्कार नसून नोंद आहे. आणि नोंदीचें कूळ दप्तरांत शोधावें, गृह्यसूत्रांत नव्हे.

समावर्तनपक्षाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीचा अकरावा अनुवाक. वेद शिकवून झाल्यावर आचार्य अंतेवासीस उपदेश करितो, असें तेथें म्हटलें आहे. हा उपदेश समावर्तनाच्या प्रसंगीं उत्तम शोभतो हें मान्य; पण ‘समावर्तन’ हा शब्द त्या अनुवाकांत नाहीं. शिवाय निमंत्रणपत्रिकांवर जो भाग येतो तो आरंभींचा, सत्य व धर्म यांविषयींचा. त्याच अनुवाकांत पुढें आचार्य असेंही सांगतो कीं, आमचीं जीं चांगलीं आचरणें असतील तेवढींच तूं अनुसरावीं, इतर नव्हेत. गुरूनें निरोपाच्या वेळीं स्वतःच्या दोषांची अशी कबुली द्यावी, हें त्या उपदेशाचें खरें वैभव आहे. अनुवाकाची प्रत करणारा लेखक हा भाग गाळील तर आपण त्यास हलगर्जी लेखक म्हणूं. पत्रिका छापणाऱ्यांसही तोच न्याय लावावा.

(३) अधिकार. आतां आपल्या समारंभाचें खरें जन्मपत्र पाहूं. तें सुदैवानें उपलब्ध आहे. १८५४ च्या जुलैंत चार्ल्स वुड याचा शिक्षणविषयक खलिता निघाला. त्यांत लंडन विद्यापीठाचा नमुना पुढें ठेवून हिंदुस्थानांत विद्यापीठें काढावीं असें होतें. त्या काळीं लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई व पदव्या देई. त्याप्रमाणें १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठांचे कायदे झाले. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपति. १८६२ सालीं मुंबईच्या टाउन हॉलमध्यें, म्हणजे आज जेथें एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे त्या इमारतींत, पहिला पदवीदान समारंभ झाला व गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं भाषण केलें. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे त्या वर्षींचे पहिले चार बी. ए. पुढें सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून, गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून समारंभासाठीं गॉथिक पद्धतीचें स्वतंत्र सभागृह १८७४ सालीं पुरें झालें. इमारतीनें आपलें कूळ लपविलेलें नाहीं. तें लपविण्याचा खटाटोप भाषणांनीं केला.

या अधिकाराचें स्वरूप ज्यास उघडें पाहावयाचें असेल त्यानें कलकत्त्याचा ६ फेब्रुवारी १९३२ चा समारंभ आठवावा. त्या दिवशीं बीना दास या पदवी घेण्यास आलेल्या विद्यार्थिनीनें कुलपति म्हणून भाषण करणाऱ्या गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर सभागृहांतच गोळ्या झाडल्या. नेम चुकला, तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तिची पदवी रोखून धरण्यांत आली आणि ती विद्यापीठानें दिली २०१२ सालीं, तिच्या मृत्यूनंतर. समावर्तन करविणारा आचार्य व अंतेवासी यांच्यामध्यें असा प्रसंग कल्पनेंतही येत नाहीं. कारण तेथें पदवी देणारा राजा नव्हता. त्याच विद्यापीठांत १९३७ सालीं रवींद्रनाथ ठाकूर यांनीं समारंभाचें भाषण बंगालींत केलें, तोंवर तेथें तें भाषण बंगालींत झालेलें नव्हतें. ऐंशी वर्षें जो समारंभ परक्या भाषेंत चालला, त्याचें मूळ या भूमींतील असतें तर त्यास आपली भाषा इतकी उशिरां कां सांपडली?

(४) द्रव्य. येथपर्यंतचें विवेचन वाचून कोणी म्हणेल, मग आपल्या प्रांताचा या समारंभाशीं कांहींच जुना संबंध नाहीं काय? आहे, आणि तो दाखविणें हाच या परीक्षणाचा मुख्य लाभ होय. वंशावळींत जेव्हां मूळपुरुष खोटा ठरतो, तेव्हां पुष्कळदां खरा पूर्वज शेजारच्या दप्तरांत सांपडतो. हा पूर्वज म्हणजे श्रावणमासची दक्षिणा.

दाभाडे यांच्या घराण्यांत तळेगांवीं चालत आलेलें हें दान १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर पहिल्या बाजीराव पेशव्यानें पुण्यास चालू केलें. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मण जमत; विद्वानांची पारख होऊन योग्यतेप्रमाणें दक्षिणा मिळे. बाहेरगांवचा शास्त्री परीक्षकांपुढें बसतो, त्याची योग्यता ठरते, ती राजाच्या खर्चानें जाहीर होते. विद्येची राजमान्य परीक्षा व तिचें जाहीर फळ, हा भाग समावर्तनांत नाहीं, रमण्यांत आहे.

राज्य गेल्यावर एल्फिन्स्टननें हें दान एकदम बंद केलें नाहीं. त्यांतील कांहीं रक्कम वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चॅपलिन यांनीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. हीच हिंदु कॉलेज म्हणून ओळखली गेली. १८५१ सालीं इंग्रजी शाळेशीं मिळून तिचें पूना कॉलेज झालें, १८६४ सालीं डेक्कन कॉलेज. दक्षिणेच्या रकमेचा उपयोग मराठी ग्रंथरचनेस व्हावा असा अर्ज पुण्याच्या सुधारकांनीं १८४९ सालीं केला. पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. आणि त्याच द्रव्यांतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. ज्या चार नांवांचा वर उल्लेख केला त्यांतील रानडे व भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. टाउन हॉलमध्यें ते उभे होते ते लंडनच्या नमुन्याचा झगा घालून. पण त्यांच्या अध्ययनामागें जो पैसा होता त्याचें कूळ रमण्यापर्यंत पोहोंचतें. ही सलग वंशावळ आहे. तिच्या प्रत्येक पिढीस कागद आहे.

ही वंशावळ निष्कलंक आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. रमणा एका वर्णापुरता होता. समावर्तनही उपनयन झालेल्यापुरतेंच होतें. आणि येथें जुन्या वंशाचा अभिमान बाळगणारांनीं क्षणभर थांबावें. लंडनच्या नमुन्यावर काढलेल्या, परक्या भाषेंत चाललेल्या, गव्हर्नरानें अध्यक्षस्थान भूषविलेल्या या समारंभानेंच मुंबई विद्यापीठाचे पदवीधर म्हणून डॉ. भीमराव आंबेडकर यांस नोंदविलें. त्यांना गृह्यसूत्रांतील आचार्यानें स्नान घातलें नसतें व रमण्याच्या दारांतून आंत घेतलें नसतें. पदवीदान हें समावर्तनच आहे असें म्हणणारा मनुष्य नकळत हा तुटक धागा अखंड म्हणून दाखवितो आणि त्या तुटण्यांत जें मोल होतें तें पुसून टाकतो. म्हणून हा वाद केवळ शब्दांचा नाहीं.

(५) नव्या स्थापना. कांहीं संस्थांनीं जुना विधि विचारपूर्वक नव्यानें बसविला, त्यांचा येथें वेगळा विचार केला पाहिजे. गुरुकुल कांगडीनें विद्यालंकार, वेदालंकार अशा पदव्या दिल्या. काशी विद्यापीठाची शास्त्री ही पदवी लालबहादुरांच्या नांवास आडनांवासारखी जडली. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठानें आपल्या पदवीस ‘गृहीतागमा’ व त्यावरील पदवीस ‘प्रदेयागमा’ अशीं नांवें दिलीं. आगम ग्रहण केलेली आणि तो पुढें देण्यास योग्य झालेली, असा त्यांचा अर्थ. मराठी-संस्कृतांत घडविलेल्या पदव्यांच्या नांवांत याहून नेमकें नांव प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं. स्त्रीलिंगी रूपांतच तें जन्मलें हें त्याचें विशेष. विश्वभारतींत पूर्वीं पदवीबरोबर सप्तपर्णाचें पान देत असत. या सर्व गोष्टी आदरणीय आहेत. कारण त्यांस कर्ता आहे, साल आहे व हेतु आहे. त्या स्वतःस अनादि म्हणवीत नाहींत. नवें देऊळ बांधून त्यावर नवा शिलालेख कोरणें यांत दोष नाहीं. दोष आहे तो नव्या शिलालेखावर जुना शक घालण्यांत.

पोशाखाविषयीं अलीकडे जी चर्चा झाली तीही याच दृष्टीनें पाहावी. २०१० सालीं भोपाळ येथें एका संस्थेच्या समारंभांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं अंगावरील झगा काढून ठेविला. २०१९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें हातमागाच्या कापडाचे पोशाख वापरावे असें विद्यापीठांस सुचविलें. झगा जावा व अंगवस्त्र यावें यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं; आपल्या उन्हाळ्यांत तें सुखाचेंही आहे. फक्त अंगवस्त्र आलें म्हणून समावर्तन परत आलें, असा लेख कोणी लिहूं नये. पोशाख बदलल्यानें पिढी बदलत नाहीं.

(६) संग्राहकांस विनंति. या परीक्षणाचा व्यवहारांतील निष्कर्ष आपल्या कपाटांपर्यंत येऊन पोहोंचतो. पोथ्यांच्या संग्राहकांस गृह्यसूत्रांच्या प्रतींचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु विद्यापीठांचीं जुनीं कॅलेंडरें, समारंभांचे छापील कार्यक्रम, कुलपतींच्या व कुलगुरूंच्या भाषणांच्या पुस्तिका, आजोबांच्या पेटींतील सहीशिक्क्याचें पदवीपत्र आणि त्या दिवशीं भाड्याच्या झग्यांत काढलेलें छायाचित्र यांस आपण अजून रद्दींत लेखतों. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे १८९२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु झाले व त्यांच्यामागून भांडारकर त्या जागीं आले. तीस वर्षांपूर्वीं ज्यानें पदवी घेतली तोच आतां कुलगुरूच्या आसनावर होता. ही घटना जितक्या कागदांवरून सिद्ध होते ते सर्व आज दुर्मिळ होत आहेत. आणि २०१७ सालीं पदव्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद सुरू झाल्यापासून पुढल्या पिढ्यांस पदवीचा कागद पेटींत सांपडेलच याची शाश्वती उरलेली नाहीं.

त्याचप्रमाणें ज्यांच्या घरीं शास्त्री-पंडितांचीं दप्तरें आहेत त्यांनीं त्यांत दक्षिणेच्या याद्या, रमण्यास जाण्याच्या खर्चाचे टांचण, पाठशाळेच्या नेमणुकीचीं पत्रें आहेत काय हें पाहावें. पेशवे दप्तरांतील हिशेब सरकारच्या बाजूचे आहेत. घेणाऱ्याच्या घरचा कागद मिळेल तरच दोन्ही बाजूंचा मेळ बसेल. समावर्तनाचा कागद कोणाच्याही घरीं मिळावयाचा नाहीं, कारण तो कधीं लिहिला गेला नाहीं. रमण्यापासून टाउन हॉलपर्यंतची वाट मात्र कागदोपत्रीं आहे, आणि ती आपल्याच गांवांतून जाते. काल्पनिक मूळपुरुषाच्या नादानें तिच्यावरील पावलें पुसूं दिलीं तर तो दोष परक्यांचा म्हणतां येणार नाहीं. इत्यलम्.